आधी ताटात काय आहे ते बघूया

नमस्कार ताई,

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. माझी नणंद नोकरीनिमित्त जपानमध्ये असते. मे महिन्यात ती लेकीला घेऊन आली होती. भाची नऊ वर्षांची आहे. पहिल्याच दिवशी जेवताना तिने डबीतून चॉपस्टिक काढल्या आणि तोंडल्याची भाजी त्यांनी खायला लागली. माझा मुलगा खो-खो हसत सुटला, 'आई, ही काड्यांनी जेवते! स्वेटर विणतेस का गं?' तीही चिडली. त्याच्या वरणभाताने भरलेल्या हाताकडे बघून म्हणाली, 'शी! तू हात घालून खातोस.' दोघंही रडत पानावरून उठली. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण त्यांना फार लागलं. त्या अजून म्हणतात, 'माझ्याच नातीला हाताने जेवायची किळस येते. आता तू ह्यांनाही तेच शिकव.' यांचं म्हणणं, काटा-सुरी शिकवायलाच हवी, उद्या मुलं बाहेर जातील. आणि मुलगा तेव्हापासून चारचौघांत हाताने जेवायला कां-कू करतो.

त्यात शाळेने १६ ऑक्टोबरच्या जागतिक अन्न दिनासाठी त्याला विषय दिलाय, 'जगभरातील जेवणाची साधने'. पाच मिनिटं बोलायचं आहे. दिवाळीला नणंद पुन्हा येणार. एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट न ठरवता हे सगळं मुलांना कसं शिकवू? धाकटी डावखुरी आहे, तिला सासूबाई उजव्यानेच जेवायला लावतात, तेही विचारायचं होतं. आणि शिकवायचंच तर काय काय विकत आणू?

– एक आई, इंदिरानगर

प्रिय ताई,

सगळ्यात आधी, मुलाला आणि भाचीला त्या दिवसावरून पुन्हा बोलू नका. दोघांनीही एकमेकांच्या हातात काय आहे तेवढंच पाहिलं, ताटात काय आहे ते पाहिलं नाही. हा विषय शिकवताना मोठी माणसंसुद्धा तेच करतात. तक्ता काढतात. चीनपुढे चॉपस्टिक, इंग्लंडपुढे काटा-सुरी, भारतापुढे हात. मुलं तो पाठ करतात, चित्रं चिकटवतात, आणि त्यातून मनात काय बसतं तर 'ते तसले, आपण असले'. तुमच्या घरी नेमकं हेच भांडण झालं.

मी तुम्हाला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला सांगते. आधी अन्न. ते कसं शिजलं, कुणी चिरलं, कशावर वाढलं, सगळ्यांनी एका ताटातून खायचं की आपापल्या. एवढं समजलं की हातात काय धरायचं ते मूल स्वतःच ओळखतं. आणि ज्याला कारण कळलंय ते मूल हसत नाही, लाजतही नाही.

हे सांगून पटणार नाही, करून दाखवा. एखाद्या रविवारी दोन प्रकारचे भात लावा. एक नेहमीचा कोलम किंवा बासमती, मोकळा. दुसरा इंद्रायणी, जरा आसट. इंद्रायणी आपल्याच इगतपुरीकडे पिकतो, मिळायला अडचण नाही. दोन वाट्यांत दोन भात वाढा आणि मुलाच्या हातात चॉपस्टिक द्या. मोकळ्या भाताची शितं गळत राहतील, घास काही तोंडापर्यंत पोचणार नाही. इंद्रायणीचा मात्र गोळा अलगद उचलला जाईल. जपानमध्ये रोजच्या जेवणातला तांदूळ आखूड दाण्याचा आणि असाच चिकट असतो, म्हणून तिथे काड्यांनी भात खाता येतो. आता त्या मोकळ्या भाताचं आळं करा, त्यात वरण ओता, वर तुपाची धार सोडा आणि म्हणा, 'आता खा बरं काड्यांनी.' नाहीच जमणार. मग हाताने कालवू द्या. वरण-भात-तूप-लिंबू एकजीव करायचं काम बोटांइतकं चांगलं दुसऱ्या कशानेही होत नाही, हे त्याला एका घासात कळेल. चमच्याने वरणभात खाता येतो, कालवता येत नाही.

मग त्याला विचारा, तोंडल्याची भाजी काड्यांनी का जमली? कारण ती आधीच चिरलेली होती. ह्या एका उत्तरात चॉपस्टिकची अर्धी गोष्ट येते. चीनमध्ये भाजी, मांस, सगळं स्वयंपाकघरातच बारीक चिरतात. बारीक तुकडे मोठ्या आचेवर भराभर शिजतात, सरपण कमी लागतं. सुरीचं काम ओट्यावरच संपतं, पानावर फक्त उचलायचं उरतं. तिथल्या आन्यांग शहराजवळच्या उत्खननात शांग राजवटीच्या काळातल्या, म्हणजे ३००० वर्षांहून जुन्या काशाच्या काड्या सापडल्या आहेत. सुरुवातीला त्या जेवायला नव्हे, उकळत्या भांड्यातून जिन्नस काढायला वापरत असावेत, असं अभ्यासक मानतात. ताटापर्यंत त्या पुष्कळ नंतर आल्या. ही माहिती तुमच्या सासूबाईंनाही सांगा. आपला चिमटा आणि झारा चुलीपाशीच राहिले, त्यांच्या काड्या पुढे ताटात आल्या.

चॉपस्टिकही सगळीकडे सारख्या नसतात, आणि मुलांना मोठी गंमत वाटते ती इथे. चिनी काड्या लांब आणि टोकाला बोथट असतात, कारण पदार्थ टेबलाच्या मधोमध मांडलेले असतात आणि तिथवर हात पोचवायचा असतो. जपानी काड्या आखूड आणि टोकाला निमुळत्या. प्रत्येकाचं जेवण त्याच्या पुढ्यात वेगळं वाढलेलं असतं, आणि मासा खूप खाल्ला जातो, त्याचे काटे वेचायला बारीक टोक लागतं. घरात ज्याच्या त्याच्या काड्याही वेगळ्या. भाचीने स्वतःची डबी सोबत आणली ती त्यामुळेच, मिरवायला नव्हे. कोरियात काड्या धातूच्या आणि चपट्या, जोडीला लांब दांड्याचा चमचा. आणि तिथे भात खायचा तो चमच्याने! जपानमध्ये भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून धरणं ही रीत, तर कोरियात वाडगा उचलणं असभ्य. शेजारी शेजारी असलेले देश, काड्याही दोघांकडे, आणि नियम अगदी उलटे. 'तिकडचे लोक असं जेवतात' हे वाक्य किती कच्चं आहे ते मुलाला ह्या एका उदाहरणावरून समजेल.

नियमांचं कारणही मुलांपासून लपवू नका. जपानमध्ये आणि चीनमध्येही भातात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवत नाहीत. जपानमध्ये तशा काड्या खोचलेला भाताचा वाडगा मृत माणसासाठी ठेवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देत नाहीत, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी वेचताना त्या तशा एकाकडून दुसऱ्याकडे दिल्या जातात. नाशिकच्या मुलाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. रामकुंडावर त्याने भाताचे पिंड पाहिले आहेत, कावळ्याची वाट बघणारी माणसं पाहिली आहेत. तसा भात कुणी खेळता खेळता घरच्या ताटात मांडला तर आजीला कसं वाटेल, एवढं विचारा. तो पुन्हा कधी भातात काड्या खोचणार नाही, आणि तुम्हाला 'बॅड मॅनर्स' म्हणून ओरडावंही लागणार नाही.

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं दुखणं खरं आहे आणि ते बाजूला सारून हा विषय शिकवता येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की ह्या घरात शिकवायचं पहिलं साधन हातच असलं पाहिजे, आणि ते आजीने शिकवलं पाहिजे. आपण गृहीत धरतो की हाताने जेवणं कुणालाही येतं. येत नाही. भाचीला जे दिसलं तो मनगटापर्यंत माखलेला हात होता, आणि तसा हात आपल्याकडेही कुणाला आवडत नाही. चांगलं जेवणाऱ्याची बोटं दुसऱ्या पेरापलीकडे भरत नाहीत, तळवा कोरडा राहतो. चार बोटांवर घास गोळा करायचा आणि अंगठ्याने तोंडात ढकलायचा, बोटं तोंडात घालायची नाहीत. भाकरीचा तुकडा एकाच हाताने मोडायचा, अंगठा आणि मधल्या बोटाने दाबून धरून तर्जनीने तोडायचा. पिठलं त्या तुकड्यात चमच्यासारखं भरून घ्यायचं. हे आठ वर्षांच्या मुलाला शिकायला वेळ लागतो. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले, ही पहिली अट. उजवा हात उष्टा असेल तर वाढून घ्यायला डावा. उष्टा डाव आमटीत घालायचा नाही. हे सगळं आजीने तिच्या तोंडून सांगू दे. हाताने जेवायलाही कसब लागतं आणि ते आपल्या आजीकडे आहे, हे पाहिलेला मुलगा चारचौघांत कां-कू करणार नाही. आज तो लाजतोय कारण 'शी' ला द्यायला त्याच्याकडे उत्तर नाही.

आणि उष्ट्याचा विचार फक्त आपलाच नाही. चीनमध्ये मधल्या पदार्थातून वाढून घ्यायला वेगळ्या, सामाईक चॉपस्टिक ठेवायची पद्धत आहे, आणि साथींच्या काळात तिचा बराच प्रचारही झाला. सासूबाईंना हे ऐकून बरं वाटेल.

भाकरीवरून आठवलं. तुमच्या मुलाच्या पाच मिनिटांत इथिओपियाला जागा द्याच. तिथे टेफ नावाच्या धान्याचं पीठ आंबवून मोठी, जाळीदार, आंबट चवीची इंजेरा करतात. दिसायला आपल्या आंबोळीच्या कुळातली, पण परातीएवढी. टेफचा दाणा आपल्या नागलीहूनही बारीक. ती इंजेरा ताटभर पसरतात, त्यावर कालवणं आणि भाज्या वाढतात, घरातली माणसं भोवती बसतात आणि तिचेच तुकडे तोडून त्यात कालवण धरून खातात. ताटही तीच, चमचाही तीच, आणि शेवटी कालवण मुरलेलं ताटही खाऊन टाकायचं. एक घास आपल्या हाताने शेजारच्याला भरवायचा, त्याला गुर्शा म्हणतात, तो मायेचा आणि मानाचा घास. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात तेव्हा सगळी पंगत बघत असते, तोच आनंद. युरोपातही मध्ययुगात शिळ्या पावाची जाड कापं ताटासारखी पुढे घेऊन त्यावर वाढून खात. आपल्या शेतावर दुपारी भाकरी तळहातावर घेऊन तिच्यावरच ठेचा आणि कांदा ठेवून खाणारा माणूस तुमच्या मुलाने पाहिला नसेल, तर दिंडोरीकडे किंवा निफाडला कुणा नातेवाइकांच्या मळ्यात नेऊन दाखवा. तिथे ताट धुवायचा प्रश्नच नसतो.

ताटाचा विचार मुलांच्या डोक्यात येत नाही, तो आणून द्यावा लागतो. पळसाच्या पानांची, चोयांनी टाचलेली पत्रावळ घरी आणा. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बायका विकतात तशी. तिच्यावर जेवण वाढा आणि काटा-सुरी द्या. पहिल्याच कापाला पान फाटेल आणि आमटी खाली. केळीच्या पानाचंही तेच. पानावर जेवणाऱ्यांच्या मुलखात हात टिकला, त्यामागे हेही एक कारण असणारच. येत्या सिंहस्थात एखाद्या भंडाऱ्याला मुलांना घेऊन बसा. एकाच पंगतीत देशभरातली माणसं असतात आणि कोण भात कसा कालवतो, कोण पोळी कशी मोडतो, हे बघण्यासारखं असतं. हाताच्याही किती तऱ्हा!

आता काट्याची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात आवडते. अकराव्या शतकात बायझंटाइन राजघराण्यातली एक मुलगी लग्न होऊन व्हेनिसला आली. ती हाताने न जेवता सोन्याच्या दोन दातांच्या काट्याने जेवायची. लोकांना हा मोठा चोचला वाटला, आणि एका ख्रिस्ती धर्मगुरूने तिच्या ह्या वागण्यावर कडक शब्दांत लिहून ठेवलं. म्हणजे तुमच्या सासूबाई आज जे म्हणतात ते युरोपात हजार वर्षांपूर्वी म्हणून झालंय. पुढे इटलीत काटा रुजला, पण इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाही लोक एका हातात सुरी आणि दुसऱ्या हाताची बोटं असेच जेवत. १६०८ साली टॉमस कोरियट नावाचा एक इंग्रज बराचसा प्रवास पायी करत इटलीला जाऊन आला. तिथे सगळे काट्याने मांस धरून कापतात हे त्याने पाहिलं, कारण विचारलं. सगळ्यांचीच बोटं सारखी स्वच्छ नसतात म्हणून, असं त्याने १६११ साली छापून लिहिलं. घरी येऊन तो काट्याने जेवायला लागला तर त्याच्या मित्रांनी त्याला टोपणनाव ठेवून त्याची थट्टा केली. तुमच्या मुलाने बहिणीची केली तशीच. हाच कोरियट पुढे चालत चालत हिंदुस्थानात आला, जहांगीर बादशहाच्या दरबारापर्यंत पोचला आणि १६१७ साली सुरतेला वारला. आपल्याकडून सापुताऱ्याचा घाट उतरून पुढे गेलं की जे सुरत लागतं, तेच हे सुरत. पाच मिनिटांच्या भाषणात वर्गाला खिळवून ठेवायला एवढी गोष्ट पुरेशी आहे. वर्गाने ती ऐकली की हसण्याचा प्रश्नही आपोआप मिटेल, कारण ज्याला हसले तीच वस्तू पुढे साऱ्या इंग्लंडने उचलली.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त कारण मान्य नाही. 'उद्या लागेल' म्हणून शिकवलेली गोष्ट मुलाला परीक्षेसारखी वाटते. काटा-सुरी शिकवा, पण तिथेही आधी अन्न. मांसाचा मोठा तुकडा भाजून ताटात अख्खा वाढायचा, प्रत्येकाने आपापला कापून खायचा, अशा जेवणासाठी ती जोडी आहे. घरी सराव करायला थालीपीठ किंवा घावन घ्या, उकडलेला बटाटा घ्या. डाव्या हातात काटा, दात खाली करून तुकडा धरायचा. उजव्या हातातल्या बोथट सुरीने मागेपुढे करत कापायचा, दाबून नाही. अमेरिकेत कापून झाल्यावर सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेतात. जेवण झालं की दोन्ही ताटात शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे वाढणाऱ्याला कळतं. बस, एवढं त्याला पुरे. पोळी-भाजी काट्याने खायला लावू नका. आणि थायलंडचं सांगा, तिथे काटा तोंडात जातच नाही. उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्याने भात चमच्यात लोटायचा. चॉपस्टिक बहुतेक फक्त नूडल्ससाठी, आणि उत्तरेकडचा चिकट भात चक्क हाताने, गोळे करून.

धाकटीचा डावा हात मोडू नका. ह्यात मी कुणाचीही समजूत काढणार नाही, सरळ सांगते. ज्या हाताने ती चित्र काढते त्या हाताने तिला जेवू द्या. पाच वर्षांच्या मुलीला प्रत्येक घासाला टोकलं की ती जेवणाचाच कंटाळा करते. सासूबाईंची भावना वेगळी आहे, डावा हात त्यांना शौचाचा वाटतो. त्यांना एवढंच म्हणा, की आपण तिला दोन्ही हात स्वच्छ धुवायला लावू आणि वाढून घ्यायला ती उजवा वापरेल, म्हणजे जेवणारा हात वाढपात जाणार नाही. तो नियम तर त्यांचाच आहे, फक्त हात उलटे झाले. इथिओपिया असो की अरबी घरं, एका ताटातून खाताना उजवाच हात चालतो, हेही तिला मोठी झाल्यावर कळू द्या. पाहुणी म्हणून गेली तर त्या घरात विचारून वागेल.

आजीला ह्यात आणखी एक काम द्या. मुलांना घेऊन तिने भांडी बाजारात जावं, सराफ बाजाराच्या अंगाने. गोदावरीला मोठा पूर आला की जिथे पाणी शिरतं तोच हा बाजार, मुलांना नाव ऐकून माहीत असेल. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं नाव लांबवर आहे. तिथे दुकानात उभं राहून आजीने नावं सांगावी. ओगराळं आमटी वाढायला, कारण ते खोल आणि दांडा उभा. डाव भाजीला. पळी तुपाला आणि संध्येला. झारा तळणीला. बोंडलं, ज्याच्या चोचीतून तान्ह्याला दूध पाजत. ते नसेल तिथे शिंपला. तांब्याच्या हंड्यावर ठोक्यांच्या खुणा दिसतील, त्या नुसत्या नक्षीसाठी नसतात, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई का, तर आंबट पदार्थ कळकू नये म्हणून. पंजाबात जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची हीच तांब्या-पितळेची कला युनेस्कोने २०१४ साली वारसा यादीत घेतली. पुण्याला जाणं झालं तर राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात जुन्या स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि अडकित्ते बघा. एकेका अडकित्त्यापुढे मुलं उभी राहतात.

शाळेच्या भाषणासाठी तक्ता करू नका. मुलाने दोन डब्यांत दोन भात न्यावेत, एक मोकळा, एक इंद्रायणी, एक चॉपस्टिकची जोडी, एक भाकरीचा तुकडा, आणि जमल्यास एक पत्रावळ. वर्गातल्या दोघा मुलांना पुढे बोलवावं आणि त्यांनाच करून बघायला लावावं. मग कोरियटची गोष्ट. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने भाकरी मोडून दाखवावी, एका हाताने. बाईंना आधी विचारून ठेवा, काही शाळांत वर्गात अन्न चालत नाही. तसं असेल तर भाताऐवजी मोठे राजमे आणि रवा न्या. राजमा काड्यांनी उचलता येतो, रवा येत नाही. तेवढ्याने काम होतं.

दिवाळीचं म्हणाल तर नणंदेला आत्ताच फोन करा. तक्रार म्हणून नको. म्हणा, 'तुझ्या लेकीने ह्याला चॉपस्टिक धरायला शिकवायचं आहे, ती मास्तरीण.' नऊ वर्षांच्या मुलीला एवढा मान पुरतो. आणि भाचीला एक विचारा, ओनिगिरी कशी खाता? भाताचा तो दाबून केलेला गोळा जपानमध्येही हातानेच खातात. सुशीसुद्धा हाताने खाल्लेली चालते. सूप तर वाडगा ओठांना लावूनच पितात, जशी आपण वाटीने कढी भुरकतो. तिला हे रोजच दिसतं, फक्त त्या दिवशी आठवलं नाही. जपानमध्ये बाळ १०० दिवसांचं झालं की त्याचा पहिला घास चॉपस्टिकने ओठांना लावायचा समारंभ असतो. आपल्याकडे उष्टावण असतं. तिचं उष्टावण आजीने केलं असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा, चांदीची वाटी असेल तर तीही. सासूबाई तिला जवळ घेऊन दाखवतील. त्या दोघींमध्ये तुम्ही बोलू नका.

धरायचं कसं ते तुम्हालाही माहीत असलेलं बरं. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात टेकवायची, तिचं टोकाकडचं अंग अनामिकेवर. ती हलत नाही. वरची काडी पेन्सिलसारखी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची, आणि हलते ती फक्त हीच. लहान मुलांसाठी दोन्ही काड्यांच्या वरच्या टोकांमध्ये कागदाची घडी ठेवून रबरबँड गुंडाळा, आपोआप उघडझाप होते. सुरुवात ढोकळ्याच्या किंवा पनीरच्या तुकड्यांनी, मग काकडी, मग राजमा, आणि शेंगदाणा अगदी शेवटी.

विकत आणायची यादी छोटी आहे. बांबूच्या किंवा लाकडी चॉपस्टिकच्या तीन जोड्या आणि एक बोथट सुरी. धातूच्या कोरियन काड्या आत्ता नको, त्या निसटतात आणि मूल वैतागतं. 'देशोदेशीचे कटलरी सेट' म्हणून जे महाग खोके मिळतात ते तर नकोच, घरातल्या मांडणीवर पुरेसं सामान आहे. काडी, काटा, सुरी, जे काही असेल ते बसूनच वापरायचं, तोंडात धरून उठायचं नाही, पळायचं नाही. पाच वर्षांच्या धाकटीजवळ तुम्ही स्वतः बसा. लाकडी काड्या पाण्यात भिजत ठेवू नका. धुऊन पुसून कोरड्या करा आणि अधूनमधून उन्हात टाका, ओल्याच डबीत बंद केल्या तर त्यांना बुरशी धरते.